मोटर जळलेली नाही, वीजच पोचत नाही!

मशीन्सच्या व्हायव्हात एक ठरलेला प्रश्न असतो. "डीसी मोटर सुरू होत नाही. सर्वांत आधी काय तपासाल?" आपल्यातले निम्मे जण छाती पुढे काढून सांगतात, "सर, वाइंडिंग!" मग एक्स्टर्नल चष्म्यावरून बघतात आणि शांतपणे विचारतात, "मोटरपर्यंत सप्लाय येतोय का, ते नाही बघणार?" पुढे मार्कांचे काय होते ते सांगायला नको.

हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. फक्त मोटर अंगठ्याएवढी आहे, आणि ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनात बसवलेली आहे. खेळणे म्हणून नाक मुरडू नका. संपर्क रोध म्हणजे कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, स्प्रिंगचा दाब, कॅन्टिलिव्हर, करशॉफचा व्होल्टेजचा नियम, सगळा सिलॅबस या चार इंचांत आहे. शिवाय अशी इंजिने आपल्याकडेही निघतात. परदेशी शिकून किंवा नोकरी करून परतलेल्या कुणा आजोबांच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबाचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा छंद कुठवर जाऊ शकतो याची कल्पना असेलच.

आता 'पिकअप' म्हणजे काय? मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. वर तार, तिला घासत जाणारा पँटोग्राफ, त्यातून वीज मोटरकडे, आणि परतीची वाट चाकांतून रुळात. धावत्या गाडीने वीज उचलायची ती अशी घासत घासत. टेबलावरच्या गाडीतही नेमके हेच करायचे असते, फक्त वरची तार सहसा नसते. रुळातूनच वीज घ्यायची आणि रुळातच परत द्यायची. जो भाग रुळाला किंवा चाकाला टेकून वीज उचलतो तो पिकअप.

हे कसे करायचे यावर प्रत्येक कंपनीचे स्वतंत्र मत होते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' बाजारात आणली. रुळांतले अंतर १६.५ मिमी, गाड्या खऱ्याच्या १/७६ आकाराच्या, १२ व्होल्ट डीसी. तिला तीन रूळ होते. मधला रूळ बाकीच्यांपासून इन्सुलेट केलेला, आणि बाहेरचे दोन्ही रूळ मिळून परतीची वाट. त्यामुळे चाके साधी धातूची चालत. इंजिनाच्या पोटाखाली स्प्रिंगवर दाबलेला एक धातूचा 'जोडा' असे, तो मधल्या रुळावर घासत जाई. मधला रूळ दिसायला खऱ्या रेल्वेसारखा नाही, ही तक्रार पुढे वाढली. दुसरीकडे ब्रिटनमध्येच ट्रायँगने १९५० च्या दशकात स्वस्त आणि दोनच रुळांची गाडी घरोघर पोचवली. डब्लोलाही १९५९ मध्ये दोन रुळांवर यावे लागले. १९६४ मध्ये ट्रायँगच्या मालकांनी, म्हणजे लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनो कंपनीच विकत घेतली. धंद्यातल्या या उलथापालथीचे आपल्याला कारण एवढेच, की हातात आलेले इंजिन कोणत्या घराण्याचे आहे हे आधी ओळखावे लागते.

दोन रुळांच्या गाडीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण. मग दोन्ही बाजूंची चाके धातूच्या आसाने जोडली तर थेट शॉर्ट! म्हणून जुन्या ट्रायँगमध्ये एका बाजूची चाके आसापासून इन्सुलेट केलेली असत आणि त्या चाकांवर फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी घासत असे. दुसऱ्या बाजूची वीज चाक, आस आणि चॅसी अशी सरळ जाई. जर्मनीच्या मार्कलिनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एसी, साधारण १६ व्होल्टपर्यंत, दिशा बदलायला २४ व्होल्टचा एक झटका, आणि १९५० च्या दशकापासून मधल्या रुळाऐवजी स्लीपरांतून डोके काढणाऱ्या बारीक खुंट्या. त्या खुंट्यांवरून एक लांब पट्टी घसरत जाते. अमेरिकेची लायोनेलही एसीवाली, तीन रुळांची, पण तिच्या पोटाखाली जोडा नसून फिरता रोलर. मार्कलिनचा एसी ट्रान्सफॉर्मर डब्लोच्या रुळांना जोडलात, तर आतली कायम चुंबकाची डीसी मोटर जागच्या जागी गुरगुरेल आणि तापेल, बाकी काही नाही.

आता मुद्द्याचे. या सगळ्या पद्धतींत वीज हलत्या, घासणाऱ्या, धुळीत लोळणाऱ्या संपर्कातून जाते. तारेत बिघाड क्वचित होतो. बिघाड होतो तो संपर्कात.

दाबून काय होते?

दोन धातू एकमेकांना टेकले की आपल्याला वाटते, पूर्ण पृष्ठभाग टेकला. प्रत्यक्षात पृष्ठभाग म्हणजे सह्याद्री! दोन डोंगररांगा उलट-सुलट ठेवल्या तर शिखरांची टोकेच टेकणार. वीज त्या मोजक्या टोकांतून जाते. अशा एका गोल ठिपक्याचा रेझिस्टन्स म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याच्या त्रिज्येची दुप्पट. विद्युत संपर्कांच्या अभ्यासात रॅग्नर होल्म यांचे नाव घेतले जाते, ते याच विषयावरच्या कामासाठी.

दाब वाढवला की टोके चेपतात, ठिपके मोठे होतात, रेझिस्टन्स घटतो. म्हणून पिकअप नीट चालेना की सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो, "पट्टी जरा वाकवून घट्ट करू." इथेच गफलत आहे. स्वच्छ धातूंच्या संपर्कात रेझिस्टन्स दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दाब दुप्पट केला तर रेझिस्टन्स सुमारे ३० टक्केच कमी होणार. घर्षण मात्र दाबाच्या सरळ प्रमाणात, म्हणजे दुप्पट! मोटरने गाडी ओढायची की स्वतःचाच ब्रेक? आणि मध्ये वाळलेल्या तेलाचा, धुळीचा, काजळीचा थर बसला असेल तर टोके एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी दाब वाढवणे म्हणजे मेसच्या बंद दारावर जोरात धक्के मारणे. दार उघडायला हवे, म्हणजे थर काढायला हवा.

तो थर येतो कुठून? मोटर म्हणजे इंडक्टन्स. चाक क्षणभर उचलले गेले, करंट तुटला, की बारीक ठिणगी पडते. ठिणगीने धातूवर खड्डा पडतो, आसपासचे तेल जळून काजळी होते, काजळीमुळे संपर्क आणखी बिघडतो आणि पुढची ठिणगी आणखी मोठी. हे दुष्टचक्र वर्षानुवर्षे चालले की चाकाच्या कडेवर काळा, कडक, डांबरासारखा थर चढतो. नखाने निघत नाही.

याची खूण ओळखण्यासारखी आहे. गाडी वेगात असताना बरी चालते, पण हळू चालवली की अडते, आणि सुरू करायला बोटाने ढकलावे लागते. का? समजा, थांबलेल्या मोटरचा रेझिस्टन्स ८ ओहम आहे आणि कंट्रोलर ३ व्होल्टवर आहे. बॅक ईएमएफ अजून शून्य, म्हणून करंट ०.३७५ अँपिअर. आता वाटेत संपर्काचे ४ ओहम वाढले. करंट झाला ०.२५ अँपिअर, म्हणजे टॉर्क दोन तृतीयांशच उरला. हलायला ०.३ लागत असतील तर इंजिन जागेवरून हलणार नाही. तेच १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेत धावताना हे ४ ओहम फक्त २ व्होल्ट खातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ही लक्षणे बघून लोक मोटरला दोष देतात.

मोजायचे कसे?

सर्वांत आधी एक इशारा, आणि तो वगळून पुढचे वाचू नका. जुन्या गाडीबरोबर तिचा जुना कंट्रोलर किंवा ट्रान्सफॉर्मर आला असेल तर तो भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नाही. त्या काळच्या वायरींचे रबर आता कडक होऊन तडकलेले असते, आतले इन्सुलेशन भुग्यासारखे झडते, आणि पत्र्याच्या बाहेरच्या पेटीवर २३० व्होल्ट येऊ शकतात. अमेरिकेतले यंत्र ११०-१२० व्होल्टचे असते, ते आपल्याकडे लावले तर धूरच. त्या काळच्या कित्येक कंट्रोलरांत सेलेनियमचे रेक्टिफायर आहेत. ते जळले की येणारा दर्प नुसता घाण नाही, विषारी आहे. हे खेळणे लहान मुलाच्या हातात जाणार असते, हे लक्षात ठेवा. जुना कंट्रोलर शोभेला ठेवा आणि डीसी गाडीसाठी लॅबमधला करंट लिमिट असलेला सप्लाय घ्या. १२ व्होल्ट, लिमिट १ अँपिअर.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिकअप तपासणे ही दुसरी आवडती चूक. त्या रेंजवर मीटर सोडतो तो करंट फार थोडा असतो, बऱ्याचदा मिलिअँपिअरच्या घरातला. शिवाय गाडी उभी असते. उभ्या संपर्काचा आकडा धावत्या संपर्काबद्दल काही सांगत नाही. खरी पद्धत व्होल्टेज ड्रॉपची. इंजिनाला काम करू द्यायचे आणि वाटेत कुठे किती व्होल्ट हरवतात ते बघायचे. मोटरच्या ब्रशला, चॅसीला आणि पिकअपच्या टॅगला केसासारख्या बारीक, लवचीक, लांब वायरी तात्पुरत्या लावायच्या. एकाने इंजिन मीटरभर रुळावर चालवायचे, दुसऱ्याने मीटर वाचायचा. आपल्याला दोन माणसे मिळायला अडचण नाही. रूममेट असतोच.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. आमच्या एका वर्गमित्राचे आजोबा १९५० च्या दशकात शिकाऊ इंजिनिअर म्हणून इंग्लंडला होते. येताना त्यांनी डब्लोचे ०-६-२ चाकरचनेचे टँक इंजिन आणि थोडे रूळ आणले. आज ते नव्वदीपलीकडे आहेत. पणतू चालायला लागला, तेव्हा त्यांनी ट्रंक उघडायला लावली. इंजिन दोन इंच सरकले आणि थांबले. एका दुकानात दाखवले, तिथे सांगण्यात आले, "मोटर जळली आहे. वाइंडिंग पूर्ण काढून नवीन भरावे लागेल. नाहीतर आतला जुना माल फेकून चायनाची मोटर बसवू." आजोबा म्हणाले, "मग राहू दे. ते माझं इंजिन नाही राहणार." तेव्हा मित्राने ते हॉस्टेलवर आणले, बुटांच्या खोक्यात, कापसात ठेवून.

सप्लायच्या वायरी थेट ब्रशना लावल्या. मोटर भुरकन फिरली. अर्थात मोटर जिवंत! मग रुळावर ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे, १२ व्होल्टवर आकडे घेतले. मधला रूळ ते जोडा ०.१ व्होल्ट. जोडा ते ब्रश ०.३. दोन ब्रशच्या मध्ये, म्हणजे मोटरला प्रत्यक्ष मिळाले, ८.०. चॅसी ते बाहेरचा रूळ, ३.६. बेरीज करा, १२ येते. करशॉफ साहेब खोटे बोलत नाहीत.

मौज बघा. पिकअपचा जोडा, ज्याला जो तो घासत बसतो, तो जवळजवळ निर्दोष होता. व्होल्ट हरवत होते परतीच्या वाटेवर, जिकडे कुणी बघतच नाही. चाकांवर काळा थर आणि आसांच्या बेअरिंगमध्ये वाळून लाखेसारखे झालेले तेल. करंट चॅसीतून आसात, आसातून चाकात, चाकातून रुळात असा जातो. म्हणजे बेअरिंग हेसुद्धा इथे विजेचे कनेक्शन आहे. हे एकदा डोक्यात बसले की अर्धी दुरुस्ती झाली समजा. ज्या इंजिनांत एका रुळाची वीज मागच्या टेंडरमधून येते, त्यांत टेंडर जोडणारी दांडी आणि तिची खीळ हेही कनेक्शनच, आणि तिथेही असाच थर.

सफाई

आम्ही काय वापरले? मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए, इअरबड, टूथपिक आणि भरपूर वेळ. इअरबड भिजवून चाकाच्या कडेवर धरायचा, थर मऊ होऊ द्यायचा, पुसायचा, नवा इअरबड घ्यायचा. काळे येणे थांबेपर्यंत. आसाच्या फटीत आयपीएचा थेंब सोडून चाके हाताने मागेपुढे फिरवायची, वितळलेले तेल टिपून घ्यायचे. कोरडे झाल्यावर प्रत्येक बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब. पातळ ताजे तेल धातूला धातू टेकू देते, वाळलेले तेल इन्सुलेटर होते, हा फरक आहे. रूळ, चाकांच्या कडा आणि पिकअपची घासणारी जागा यांवर मात्र तेलाचे बोटही लावायचे नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसून नवा थर तयार.

दोन तासांनी परतीचा ड्रॉप ३.६ वरून ०.३ वर आला. वाइंडिंगला हात लावावा लागला नाही.

पॉलिश पेपर वापरू नका. चाक चकाकते, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण आधीपेक्षा लवकर घर करते. निकेलचा पातळ मुलामा असेल तर तो कायमचा जातो. थर फारच कडक असेल तर शाईचे खडबडीत खोडरबर हलक्या हाताने चालते. तारेच्या घासणीचा विचारही नको. तिचे पोलादी तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि आत कुठे शॉर्ट करतील सांगता येत नाही. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकच्या बॉडीजवळ आणू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळते. ट्रायँगच्या अगदी सुरुवातीच्या बॉड्या सेल्युलोज अॅसिटेटच्या होत्या, त्या तशाही वयाने वेड्यावाकड्या होतात. आयपीएसुद्धा रंगावर लावायचेच झाले तर आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघावे. खरे म्हणजे बॉडी काढून बाजूला ठेवणे उत्तम.

बॉडी काढताना घाई नको. डब्लोचे ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. युद्धापूर्वीच्या काही ओतकामांत शिशासारखी भेसळ राहून गेल्यामुळे ते आतून भुसभुशीत होतात, त्यांवर तडे दिसतात. असा भाग हातात आला तर स्क्रूवर जोर लावणे म्हणजे बिस्किट पिळणे. शिवाय तिथले बरेचसे स्क्रू ब्रिटिश असोसिएशन, म्हणजे 'बीए' आट्यांचे आहेत. ६ बीएचा व्यास २.८ मिमी आहे. हरवलेल्या स्क्रूच्या जागी वर्कशॉपमधला ३ मिमीचा मेट्रिक स्क्रू "बसतोय की" म्हणून पिळलात, तर जस्तातले आटे गेले. परत मिळत नाहीत.

पट्टी तुटलीच असेल तर

सगळी प्रकरणे सफाईने मिटत नाहीत. ट्रायँगच्या चाकांवर घासणारी पट्टी पन्नास-साठ वर्षांनी झिजते, कधी स्क्रूच्या भोकापाशी तुटते. तिथे नवी बनवावी लागते, आणि इथे आपल्या मेकॅनिकलच्या मित्रांना मान आहे.

धातू फॉस्फर ब्राँझच का? शुद्ध तांबे वीज उत्तम नेते पण वाकवले की वाकलेलेच राहते. तांब्यात कथील आणि चिमूटभर फॉस्फरस घातला की वाहकता तांब्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास येते, पण अंगात स्प्रिंग येते. दोन सेंटिमीटरच्या पट्टीत वाहकतेचा हा तोटा किरकोळ आहे, मगाशी बघितलेल्या संपर्काच्या ओहमांपुढे तो जाणवतही नाही. जुन्या रिलेच्या पात्यांतून पट्टी मिळू शकते, मात्र एक काळजी घ्या. काही रिलेंची पाती बेरिलियम कॉपरची असतात. त्यांची भुकटी श्वासातून गेली तर फुप्फुसांना घातक आहे. पाते कशाचे आहे माहीत नसेल तर त्याला कानस लावू नका. ओळखीचा फॉस्फर ब्राँझचा पत्रा घेतलेला बरा.

जाडी किती? पट्टी म्हणजे एका टोकाला आवळलेला कॅन्टिलिव्हर. दाब बरोबर ई गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन गुणिले वाक, भागिले लांबीच्या घनाची चौपट. ई ११० गिगापास्कल धरा. रुंदी २ मिमी, लांबी २० मिमी, जाडी ०.१५ मिमी, आणि चाकाला टेकवताना २ मिमी वाकलेली. उत्तर येते सुमारे ०.०४६ न्यूटन, म्हणजे जेमतेम पाच ग्रॅमचा दाब. बोटाला जाणवणारही नाही, पण स्वच्छ चाकावर पुरतो. आता "मजबूत असू दे" म्हणून ०.३ मिमीची पट्टी घेतली तर? जाडी दुप्पट, घन आठपट. प्रत्येक चाकावर अडतीस ग्रॅमांचा ब्रेक! मोटर तापणार आणि ज्या चाकांना मोटरची ओढ नाही ती फिरायची सोडून रुळावर घसटत जाणार. म्हणून पट्टी जाड करून मजबुती शोधू नका. लांबी मिळत असेल तर ती वाढवा. लांब पट्टीचा दाब चाकाच्या हलण्या-डुलण्याने फारसा बदलत नाही.

पट्टी कापल्यावर कडा गुळगुळीत करा आणि भोकाची धार मोडा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. वाक काटकोनात मोडून काढायचा नाही, बारीक ड्रिलच्या दांड्यावर गोलाकार वळवायचा. घासणारे टोक बर्फावरच्या घसरपट्टीसारखे किंचित उचललेले हवे, म्हणजे गाडी मागे घेताना ते अडकत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला घासणारी पट्टी असेल तर आणखी एक परीक्षा. आसाला आडवी ढिलाई असते. चाके एकदा डावीकडे पूर्ण सरकवा, एकदा उजवीकडे. दोन्ही वेळा पट्टी टेकलेली राहिली पाहिजे. वळणावर बंद पडणाऱ्या निम्म्या गाड्यांचे दुखणे इथे सापडते.

वायर सोल्डर करायची ती आवळलेल्या टोकाशी, घासणाऱ्या टोकाशी कधीच नाही. फॉस्फर ब्राँझला स्प्रिंगपणा आला आहे तो थंड असताना लाटल्यामुळे. जास्त वेळ तापवले की तो जातो आणि पट्टी लोण्यासारखी मऊ पडते. आधी वायर आणि पट्टी दोन्हींवर कथलाचा हात फिरवून घ्या, पट्टीवर मध्येच क्रोकोडाइल क्लिप लावा म्हणजे उष्णता पुढे जात नाही, आणि काम एक-दोन सेकंदांत उरका. फ्लक्स राळेचाच. पत्र्याच्या बादल्यांना डाख लावणारे कारागीर अॅसिड वापरतात, ते इथे वर्षभरात वायर खाऊन टाकेल.

पट्टी चॅसीवर बसते, पण चॅसी म्हणजे दुसरा ध्रुव. मध्ये इन्सुलेशन हवेच, आणि स्क्रूभोवतीही. मूळ फायबरची चकती फुटलेली असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडचा लेदरॉइड कागद दोन पदरी कापून चालतो. बसवल्यावर मोटरची वायर सोडवून पट्टी आणि चॅसी यांच्यात ओहम बघा. इथे मात्र ओहमची रेंज योग्य आहे. आकडा अनंत आला पाहिजे. मोटर जोडलेली ठेवून बघितलेत तर मोटरचेच काही ओहम दिसतील आणि उगाच शॉर्ट शोधत बसाल.

ट्रायँगच्या जुन्या एक्स-झिरो-फोर मोटरीबद्दल एक खास गोष्ट. तिचे दोन्ही ब्रश एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबलेले असतात. एकच तार, दोन्ही ध्रुवांना टेकलेली! मग शॉर्ट का होत नाही? कारण तारेच्या एका पायावर इन्सुलेशनची इवलीशी नळी असते. सफाई करताना ती नळी पडली आणि कुणी कचरा म्हणून झाडून टाकली, की पुढच्या वेळी सप्लायचा लिमिटचा दिवा लागतो आणि मग पिकअप, चाके, वाइंडिंग सगळे उघडून बघितले जाते. त्या मापाची नळी जुन्या बारीक वायरच्या आवरणातून निघते. ज्याने हे डिझाइन केले त्याने एक स्प्रिंग वाचवली आणि पुढच्या तीन पिढ्यांना कामाला लावले.

काढलेला प्रत्येक जुना भाग, तुटका असला तरी, छोट्या पिशवीत घालून, तारीख टाकून मालकाला परत द्यायचा. संग्रहकांच्या दृष्टीने मूळ भागाला मोल असते, आणि उद्या कुणाला आपल्यापेक्षा चांगली दुरुस्ती सुचली तर नमुना त्याच्यापुढे असायला हवा.

शेवटची चाचणी वेगाची नाही, संथपणाची. सप्लाय शून्यावरून हळूहळू वाढवायचा आणि इंजिन कितीला हलते ते लिहून ठेवायचे. मग त्याच व्होल्टेजला मीटरभर पुढे, पोल बदलून मीटरभर मागे, एकदा सरळ रुळावर आणि एकदा वळणावर, बोट न लावता. आजोबांचे टँक इंजिन सफाईआधी ७ व्होल्टलाही ढकलावे लागत होते. नंतर ते पावणेचार व्होल्टला आपोआप निघाले. ते आकडे खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून खोके परत पाठवले. पावसाळ्यानंतर परत मोजायचे आहे.